छेद कोणता घ्यायचा? ऑलिंपिक पदकं, एक जुना पेपर आणि विरार लोकल

पॅरिस ऑलिंपिक संपलं त्या आठवड्यात ते गणित तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आलं असेल. भारत: लोकसंख्या १४० कोटी, पदकं सहा, सुवर्ण एकही नाही. सेंट लुशिया: लोकसंख्या दोन लाखांच्या आत, पदकं दोन, त्यातलं एक महिलांच्या १०० मीटरचं सुवर्ण. खाली कपाळावर हात मारणारा इमोजी. आमच्या एकट्या नालासोपाऱ्यात सेंट लुशियापेक्षा जास्त माणसं राहतात, त्यामुळे आमच्या ग्रुपवर इमोजींची संख्या जरा जास्तच होती.

पेटची किंवा नेटची तयारी करताय, सिनॉप्सिसचा विषय शोधताय, तर या गणितावर चिडून पुढे जाऊ नका. ते उघडून बघा. पदकं हा अंश आणि लोकसंख्या हा छेद, असे दोन निर्णय त्यात आधीच घेऊन टाकलेले आहेत. ते कुणी घेतले आणि का घेतले, हे विचारायला लागलात की संशोधन सुरू झालं समजा.

काही देश खेळात पुढे आणि काही मागे का, या प्रश्नावर भरपूर लिखाण आहे. अर्थशास्त्रात सगळ्यांत जास्त उद्धृत होणारा पेपर अँड्र्यू बर्नार्ड आणि मेघन बुसे यांचा, २००४ सालचा. त्याची सुरुवात फार सोपी आणि म्हणूनच सुंदर आहे. गुणवत्ता जगभर सारखीच पसरलेली आहे असं धरलं, तर ज्या देशाचा लोकसंख्येत जितका वाटा, तितकाच त्याचा पदकांत वाटा असायला हवा. आता प्रत्यक्ष बघा: १९९६ साली चीन, भारत, इंडोनेशिया आणि बांगलादेश या चार देशांत मिळून जगातले ४३ टक्क्यांहून जास्त लोक होते आणि पदकं होती ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे डोकी मोजून भागत नाही. मग ते उत्पन्न आणतात, आणि चित्र बरंच जुळतं. देशाचं एकूण उत्पन्न हाच पदकांचा सगळ्यांत चांगला अंदाज देतो. वर यजमान असण्याचा थोडा फायदा, आणि सोव्हिएत गटातल्या देशांना सरकारी जोराचा बराच.

इथे बरेच विद्यार्थी थांबतात. "पैसा असेल तर पदकं येतात," असं वहीत लिहून घेतात. पण चांगला अंदाज देणं आणि कारण सांगणं यांत फरक आहे. आकाश भरून आलं की पाऊस येणार हे आजीलाही कळतं. पाऊस का पडतो हे त्यातून कळत नाही. पैसा हा एक बंद डबा आहे. त्यात दूध-अंडी आहेत, मैदान आहे, कोच आहे, दुखापत झाली तर फिजिओ आहे, की "हरलास तरी उपाशी मरणार नाहीस" हा दिलासा आहे, ते डबा उघडल्याशिवाय कळणार नाही.

डबा उघडण्याचा एक प्रयत्न आपल्या जवळच झाला. जुलै २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर, मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त अनिरुद्ध कृष्णा आणि एरिक हॅग्लंड यांचा पेपर आला. काही देश जास्त ऑलिंपिक पदकं का जिंकतात, हाच प्रश्न त्यांनी शीर्षकात विचारला होता. कृष्णा हे आधी भारतीय प्रशासन सेवेत होते, मग अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात गेले; गरिबीत माणसं कशी ढकलली जातात आणि तिच्यातून वर कशी येतात यावर त्यांचं मोठं काम आहे. म्हणून या पेपरच्या उपशीर्षकात खेळ नाहीच. तिथे सामाजिक गतिशीलता आणि गरिबी आहे. छोट्या, मजेशीर वाटणाऱ्या प्रश्नातून मोठ्या प्रश्नाकडे कसं जायचं याचा नमुना म्हणून हा पेपर वाचाच. गाईडने सांगितला नसला तरी वाचा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. देशातली सगळी माणसं शर्यतीत नसतातच. कुणाला अशी काही स्पर्धा असते हेच माहीत नसतं, कुणाला रस नसतो, कुणाचं शरीर साथ देत नाही, कुणाची वाट अडवलेली असते. हे सगळे वजा करून जे उरतात ते खऱ्या अर्थाने सहभागी असलेले लोक, आणि पदकं ठरतात या आकड्यावर. आरोग्य, शिक्षण, माहिती पोहोचणं, रस्त्यांनी जोडलेलं असणं अशा गोष्टींवरून हा आकडा किती मोठा असेल याचा अदमास येतो. एका ओळीत सांगायचं तर त्यांनी छेद बदलला. एकूण लोकसंख्या हा छेदच खोटा, असं ते म्हणाले.

पेपर छापून आल्यानंतर महिनाभरात अभिनव बिंद्राने बीजिंगमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. बिंद्राच्या सरावासाठी घरीच शूटिंग रेंज बांधलेली होती. कृष्णा-हॅग्लंड यांना याहून बोलका पुरावा मिळाला नसता.

मला हा पेपर मनापासून आवडतो. आता त्याच्याशी भांडते.

पहिलं भांडण देश या एककाशी आहे. देश हे विश्लेषणाचं एकक का घ्यायचं? पदकतालिका देशवार छापतात म्हणून? आकडे देशवार मिळतात म्हणून? ही कारणं सोयीची आहेत, पण सोयीचं एकक आणि योग्य एकक एकच असेल असं नाही. पॅरिसची आपली सहा पदकं बघा. मनू भाकर, मनू आणि सरबजोत सिंग ही जोडी, नीरज चोप्रा, अमन सेहरावत: चार पदकं हरियाणाच्या खेळाडूंची. पाचवं हॉकीचं, सहावं कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं. २०११च्या जनगणनेत हरियाणाची लोकसंख्या अडीच कोटी आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी होती. एकूण उत्पन्नात महाराष्ट्र देशात पहिला. बर्नार्ड-बुसेंचं सूत्र राज्यांना लावलं, तर पदकांचा ढीग आपल्याकडे हवा होता. प्रत्यक्षात १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं. ७२ वर्षं.

तुम्ही म्हणाल, सहा पदकांवरून निष्कर्ष कसा काढता? बरोबर, काढू नये. पण विजेंदर, योगेश्वर, साक्षी, बजरंग, रवी दहिया ही आधीची नावं मांडा, कल तोच दिसतो. एकाच देशात, एकाच क्रीडा मंत्रालयाखाली, एकाच पासपोर्टवर इतका फरक पडत असेल, तर "भारत मागे का" हा प्रश्न नीट विचारलेलाच नाही.

मग हरियाणात काय आहे? मोठी बक्षिसं, सरकारी नोकऱ्या, भिवानीचं बॉक्सिंग, गावोगाव आखाडे. पण थांबा, तालमी तर कोल्हापुरातही आहेत! गावोगाव आहेत. माझा एक अंदाज आहे, अंदाज म्हणूनच घ्या. आपल्याकडच्या मल्लाला ऑलिंपिकशिवाय दुसरी एक भरभक्कम शिडी आहे: जत्रेची मैदानं, इनामाच्या कुस्त्या, आणि सगळ्यांत वर 'महाराष्ट्र केसरी'ची गदा. गदा मिळाली की नाव झालं, पोट भरलं. ती शिडी चढायला हेलसिंकीला जावं लागत नाही. म्हणजे आपला मल्ल अपयशी नाही; तो वेगळ्याच परीक्षेला बसलाय आणि तिथे पहिल्या वर्गात पास होतोय. हे खरं आहे का, हे कुणीतरी तपासायला हवं. कोल्हापूर-सांगलीकडचे वाचक असतील तर विषय घेऊन टाका.

यातूनच दुसरं भांडण निघतं, ते पदक या मापाशी. डिपेंडंट व्हेरिएबल, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला आश्रित चल, इथे काय आहे? ऑलिंपिक पदक. हॉकीचा अख्खा संघ घाम गाळतो आणि तालिकेत एक पदक मोजलं जातं. पोहण्यात एकच माणूस चार-पाच घेऊन जातो. ॲथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त तीन जागा, मग तुम्ही १४० कोटी असा नाहीतर दोन लाख. म्हणजे "दर लाख लोकसंख्येमागे पदकं" या मापात मोठ्या देशाचे हात आधीच बांधलेले आहेत. क्रिकेटमध्ये भारत जगाच्या वर बसलाय, तो यात दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही संघांत महाराष्ट्राची मुलं-मुली पुढे होती. तेही दिसणार नाही. (खो-खो किती देश मनापासून खेळतात, असं तुम्ही विचाराल. विचारा. पण तोच प्रश्न घोडेस्वारीबद्दलही विचारा.)

ब्रिटनचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९९६ ला अटलांटात त्यांना एक सुवर्ण मिळालं, ३६ वा क्रमांक. मग नॅशनल लॉटरीचा पैसा निवडक खेळांत ओतला गेला, आणि २०१६ ला रिओत २७ सुवर्णं, दुसरा क्रमांक. जिथे पदकं निघतील तिथे पैसा, निघाली नाहीत तर पैसा बंद, असा हा हिशेब होता. पदकं वाढवायची असतील तर हा रस्ता चालतो, यात वाद नाही. पण देशातली पोरं जास्त खेळायला लागली का, हा दुसरा प्रश्न आहे, आणि पदकतालिका त्याचं उत्तर देत नाही. व्हेरले दे बोशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रीडा-धोरणाचे जे नऊ खांब सांगितले आहेत, त्यांत लोकांचा खेळातला सहभाग हा एक खांब आणि प्रशिक्षक, सुविधा, गुणवत्ता-शोध हे वेगळे खांब आहेत. ते वेगळे ठेवलेत हे लक्षात असू द्या.

आता सेंट लुशियाकडे परत जाऊ. सुवर्ण जिंकणारी ज्युलियन आल्फ्रेड चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला शाळेत गेली. जमैकात शाळांची वार्षिक ॲथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून चालू आहे आणि तिला आपल्याकडच्या सामन्यांसारखी गर्दी होते. तिथून ती टेक्सास विद्यापीठात गेली. म्हणजे पदक सेंट लुशियाचं, घडवणं जमैकाचं आणि अमेरिकेचं. दोन लाखांनी भागायचं की आणखी कशाने?

हा प्रश्न मला जवळचा वाटतो, कारण आमच्या विरारची गोष्ट तीच आहे. पृथ्वी शॉ लहानपणी इथे खेळायला लागला. पण हॅरिस शील्ड ही मुंबईच्या शाळांची स्पर्धा. त्यासाठी वांद्र्याची शाळा हवी. रोज वडिलांबरोबर लोकलने जाणं-येणं. पुढे कुटुंब मुंबईतच राहायला गेलं. २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा, २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक. नंतर त्याच्या कारकिर्दीत जे चढउतार झाले ते इथे आपल्या कामाचे नाहीत. कामाचं हे आहे: विरारच्या पोराला विरार सोडावं लागलं.

आणि इथेच कृष्णा-हॅग्लंड यांचा पेपर मला अपुरा वाटतो. त्यांच्या मोजपट्ट्यांवर विरारचा मुलगा शंभर टक्के 'सहभागी' ठरेल. शाळा आहे, दवाखाना आहे, डांबरी रस्ता आहे, घराघरात मोबाइल आहे, आणि रेल्वे तर अशी की गावाचं नाव लोकलवरच लिहिलेलं. जोडणी म्हणाल तर याहून घट्ट जोडलेलं शहर देशात मोजकंच असेल. पण या जोडणीला दिशा आहे. सकाळची गाडी माणसं विरारहून मुंबईला नेते. मुंबईचा कोच, सिलेक्टर, सिंथेटिक ट्रॅक, स्पोर्ट्स फिजिओ त्या गाडीने संध्याकाळी इकडे येत नाहीत. रस्त्यांची लांबी मोजली की ही दिशा पुसली जाते.

एक साधा हिशेब मांडा. समजा, बारा वर्षांच्या मुलाला विरारहून वांद्रे-दादरच्या मैदानावर पोहोचायला चालणं, वाट बघणं धरून सव्वा तास लागतो. येऊन-जाऊन अडीच तास. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे १५ तास, वर्षाचे ५० आठवडे धरले तर ७५० तास. शिवाजी पार्कला राहणारा मुलगा हे ७५० तास नेटमध्ये घालवतो किंवा झोपतो, आणि वाढत्या वयात झोपही सरावाइतकीच लागते. वर हा मुलगा एकटा जाऊ शकत नाही, म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसाचेही तेवढेच तास गेले. ज्या घरात दोघं नोकरीला जातात तिथे हा खर्च परवडत नाही आणि तो कुठल्याही सर्वेक्षणात 'उत्पन्न' म्हणून दिसत नाही. मुलीचं काय? सरावाहून रात्री साडेआठच्या गाडीने परत. सातवी-आठवीपर्यंत दिसणाऱ्या मुली नववीनंतर मैदानावरून कुठे गायब होतात, याचं उत्तर मला लेडीज डब्यात उभं राहून जितकं कळलं तितकं रिग्रेशनच्या तक्त्यातून कळलेलं नाही.

म्हणून माझा दावा असा: सहभागी लोकसंख्या ही कल्पना बरोबर आहे, पण सहभाग देशाला चिकटवून मोजता येत नाही. तो मोजायचा तर घर आणि मैदान यांच्यामधल्या वेळेत मोजायला हवा.

याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे बघा, म्हणजे दुसरी बाजू दिसेल. जव्हार, मोखाडा, विक्रमगड. पालघर जिल्ह्यात एक तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी आहेत, आणि आमच्याकडच्या क्रीडा-भाषणांत एक वाक्य ठरलेलं: "आदिवासी मुलं निसर्गतःच काटक, त्यांच्यातून केनियासारखे धावपटू निघतील." हे वाक्य कौतुकाचं वाटतं आणि जबाबदारी झटकतं. केनियाचे धावपटूही नुसत्या डोंगरांतून निघाले नाहीत. इटेन नावाच्या छोट्या गावात सेंट पॅट्रिक्स ही शाळा आहे. तिथे १९७६ मध्ये कॉल्म ओ'कॉनेल नावाचे आयरिश ब्रदर भूगोल शिकवायला आले आणि दशकानुदशकं धावपटू घडवत राहिले. डेव्हिड रुडिशा त्यांचाच. आणि मोखाड्याला लागून, जिल्ह्याची हद्द ओलांडली की नाशिकच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात सावरपाडा आहे, कविता राऊतचं गाव. तसेच डोंगर, तसाच पाऊस, तीच पाण्याची पायपीट. तिने २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. फरक कशाचा? नाशिकमध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंना घडवणारे विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक होते. जव्हारच्या मुलीला तसं जवळचं दार कुठलं होतं? संशोधनपद्धतीच्या तासाला 'बऱ्याच बाबतींत सारखी, एका बाबतीत वेगळी' अशी प्रकरणं तुलनेला घ्यायला शिकवतात, ती ही अशी. एका कवितावरून सिद्ध काहीच होत नाही, पण कुठे खणायचं ते कळतं.

हे सगळं आत्ताच का लिहितेय? २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये इच्छापत्र दिलंय. आता "यजमान देशाची पदकं वाढतात" हे संशोधन भाषणांत ऐकू येईल, आणि ते खोटंही नाही. पण त्या वाढीत कुणाची मुलं असतील हे देशवार आकडे सांगणार नाहीत, कारण त्यांना ते विचारलेलंच नाही. आमच्या शहरात २०११ पासून महापालिकेची मॅरेथॉन होते. त्या सकाळी हजारो लोक रस्त्यावर असतात, बघायला खरंच छान वाटतं; पुढच्या क्रमांकांत सैन्यदलाचे आणि रेल्वेचे धावपटू दिसतात, कारण त्यांच्यामागे पगार आणि शिस्तशीर सराव आहे. एका दिवसाचा रस्ता आणि वर्षभराचा ट्रॅक, दोन्हींवर पैसा खर्च होतो आणि अहवालात दोन्ही 'क्रीडा' याच शीर्षकाखाली जातात.

तर तुमच्यातल्या कुणाला विषय हवा असेल तर असा घ्या. जिल्हा निवड चाचणीला आलेल्या मुलामुलींना फक्त एक विचारा: घरून सरावाच्या मैदानापर्यंत किती मिनिटं, आणि सोबत कोण येतं? जन्ममहिनाही लिहून घ्या. १ जानेवारीपासून वय मोजणाऱ्या खेळांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे कॅनडाच्या आइस हॉकीवर १९८५ मध्ये दाखवलं गेलं आणि मग जगभर तपासलं गेलं. आपल्याकडच्या कबड्डी-खो-खोच्या याद्यांवर तपासायला वही आणि पेन पुरे. जे निवड चाचणीला आलेच नाहीत त्यांनाही शोधावं लागेल, नाहीतर नुसते यशस्वी लोक बघून यशाची कारणं सांगण्याची चूक होईल. हेच काम सगळ्यांत अवघड आहे.

छेदाची अडचण मात्र तुम्हालाही येईल. वसई-विरारची लोकसंख्या म्हणून सगळे १२,२२,३९० हा आकडा लिहितात. तो २०११ चा आहे, २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि मधल्या काळात इथे किती इमारती उभ्या राहिल्या ते ट्रेनच्या खिडकीतूनही दिसतं. त्यामुळे जनगणनेऐवजी शाळांची यू-डायस माहिती घ्या. ती दरवर्षी भरली जाते, इयत्तेनुसार मुलं-मुली वेगळे मिळतात. तिच्यात 'क्रीडांगण आहे का' असाही एक रकाना असतो, उत्तर होय किंवा नाही. 'होय' लिहिलेल्या दहा शाळा निवडा आणि मधल्या सुट्टीच्या वेळेला स्वतः जाऊन बघा. टेप घेऊन जा, लांबी-रुंदी मोजा, आणि तिथे गाड्या किती उभ्या आहेत तेही लिहा.